चढणाऱ्याचा मान

उंबरवाडीच्या घाटाला वाल्मिकची गाडी लागली, की खालच्या गावातल्या कोंबड्यासुद्धा तिच्या पुढून रस्ता ओलांडायची घाई करत नसत. ती येतेय म्हणजे अजून बराच वेळ येतच राहणार, हे त्यांनाही ठाऊक झालं होतं.

गाडी म्हणजे लष्करातनं निघालेला जुना ट्रक. भिंगारच्या लिलावात वाल्मिकनं तो घेतला, तेव्हा त्याच्या डोक्यावर काळे केस होते आणि घरात बायको होती. आता केस पिकले, बायको भिंतीवर जाऊन बसली. लेक जया सुप्याला दिलेली. जावई कंपनीत पाळीला जातो, तिचा फोन रविवारी येतो, तोही कुकरची शिट्टी होईस्तोवर. राहता राहिला हा ट्रक. अंगावरचा हिरवा रंग उन्हानं खाल्लेला, दारावर फौजेचा पांढरा आकडा पुसट झालेला, पाठीवर पाण्याची टाकी. वाडीतले लोक त्याला 'फौजी' म्हणत.

वाडी पार वर, पठारावर. पावसाळ्यात तिथं असा कोसळतो की माणूस माणसाला दिसत नाही, पण ते सगळं पाणी कड्यावरनं उड्या मारत धरणाकडं पळून जातं. वाडीतली म्हातारी माणसं म्हणायची, पाऊस आमच्या डोक्यावर पडतो आन् दुसऱ्याच्या पायाशी साठतो. होळी सरली की वाडीच्या विहिरीत तळाचे खडक उघडे पडत. मग खालच्या विहिरीवर टाकी भरून घ्यायची आणि वर न्यायची, हे वाल्मिकचं उन्हाळ्याचं काम. रोज एक खेप. दुसरी करावी असं त्याच्या मनात येई, पण फौजीच्या मनात येत नसे.

भरलेली टाकी घेऊन फौजी चढायचा तो पहिल्या गिअरात, माणसाच्या चालीनं. हिरड्याच्या वळणावर त्याला धाप लागे. घाटनदेवीच्या वळणावर रेडिएटर उकळून वाफ सुटे. तिथं थांबायचं, बॉनेट उघडायचं, गार होऊ द्यायचं, पाणी घालायचं, आणि मग पुढं. हँडब्रेकवर भरवसा नव्हता. भरली गाडी चढावर थांबली की मागच्या चाकाला दगड लावावाच लागे.

तो दगड लंकाबाई लावायची.

लंकाबाई वाडीचीच. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात मुलगा, सून, एक नात. खालच्या गावात दवाखान्यात साफसफाईला जायची आणि दुपार कलली की घाट चढून घरी यायची. पहिल्यांदा तिनं दगड लावला तो काही ठरवून नाही. फौजी हिरड्याच्या वळणावर थांबला आणि हळूच मागं सरकायला लागला, तेव्हा ती मागनं चालत येत होती. तिनं रस्त्याकडंचा एक काळा चौकोनी दगड उचलला, चाकामागं सरकवला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ओ डायवर, आमी वर निघालोय. तुमच्या गाडीनं आमाला खाली न्यायचं ठरवलंय काय?"

"तिचं वय झालंय लंकाबाई."

"वय आमचंबी झालंय. आमी मागं येतो का?"

त्या दिवसापासनं तो दगड गाडीचाच झाला. फौजी चढायला लागला की ती ड्रायव्हरच्या बाजूनं, खिडकीशेजारनं चालत राही, एक हात दारावर टेकवून. हात टेकवून म्हणजे आधाराला नव्हे. बैलाच्या पाठीवर हात ठेवून चालतात, तसा. वाल्मिक स्टिअरिंग धरून, ती पदर डोक्यावर घेऊन, दोघांची चाल एकच. बोलणं काय असायचं? दवाखान्यात कोण आलं होतं. नातीचे दात. यंदा हिरडा कसा लागलाय. वाल्मिकनं स्वतः थापलेली भाकरी आज किती करपली. कधी काहीच नसायचं, नुसती इंजिनाची घरघर, आणि ती ऐकूनही दोघांना काही ऐकल्यासारखं वाटायचं.

आणि ओव्या. लंकाबाईची आई जात्यावर गायची, त्या हिच्या गळ्यात उतरल्या होत्या. काही ती स्वतःच जुळवायची. पण खोड अशी, की हिरड्याच्या वळणावर दगड लावताना पहिली ओळ म्हणायची,

चढणीचा घाट बाई, जीव येतो गं कंठाशी

आणि मग गप्प. वाल्मिक खिडकीतनं मान काढून विचारी, "म्होरं?" ती म्हणे, "म्होरं देवीपाशी." घाटनदेवीच्या वळणावर बॉनेट उघडलं, वाफ गेली, दगड लागला, की मग दुसरी ओळ यायची,

सोबतीचं दोन शब्द, बांधिते मी पदराशी

घाटाचा एक रिवाज आहे. चढणाऱ्याचा मान पहिला. वरनं उतरणारी गाडी कितीही मोठ्या माणसाची असो, चढणारं कुणी समोर आलं की उतरणाऱ्यानं कडेला घेऊन थांबायचं. चढणारा एकदा अडला की परत उठायला त्याला जड जातं. उतरणाऱ्याला काय, उतार नेतोच. फौजी दिसला की वरनं येणाऱ्या जीपा डोंगराला चिकटून उभ्या राहत. लंकाबाई त्यांच्यापुढनं जाताना मान ताठ करून वाल्मिकला म्हणायची, "माझ्यासाठी थांबल्यात हां. तुमच्या गाडीसाठी न्हाई."

मग तिनं गाडीत बसावं, असं कुणालाही वाटेल. पण एकट्या बाईनं एकट्या पुरुषाच्या केबिनमध्ये बसायचं आणि सगळ्या वाडीसमोर उतरायचं, हे होण्यासारखं नव्हतं. वाल्मिकनं कधी म्हटलं नाही, तिनं कधी काढलं नाही. गाडी हळू होती, हीच मेहेरबानी होती. पण माणसाला आपली मेहेरबानी ओळखू येत नाही.

*

चूक सुरू झाली ती थट्टेतनं.

यंदा चैत्रातच ऊन भाजायला लागलं होतं. घाटनदेवीच्या वळणावर फौजी तिसऱ्यांदा थांबला. लंकाबाईनं दगड लावला, घाम पुसला आणि म्हणाली, "डायवर, दम न्हाई ऱ्हायला तुमच्या गाडीत. एक दिस मलाच टाकी डोक्यावर घ्यावी लागंल."

ती हसली. तोही हसला. पण घरी जाऊन भाकरीचा तुकडा मोडताना त्याला तिचं हसणं आठवलं नाही, तिचा घाम आठवला. आपल्या गाडीपायी ही बाई उन्हात रोज दगड उचलते. दमली असंल. तोंडावर सांगत न्हाई एवढंच.

त्यातच हर्षल आला. वाडीतला शिकलेला पोरगा, टँकरचं सगळं तोच बघायचा. ओट्यावर बसून मोबाईल खाली ठेवत म्हणाला, "काका, एका खेपंत भागत न्हाई. बाया हंड्यावरनं भांडायला लागल्यात. दोन झाल्या न्हाईत तर तालुक्याहून दुसरा टँकर लावू म्हनत्यात. मला तुमीच पायजे. पन गाडी..."

"गाडीचं मी बघतो," वाल्मिक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं वाडीला पुढच्या दोन दिवसांचं पाणी जीपनं न्यायची सोय लावली आणि फौजी नगरला नेला. शमशेरच्या गॅरेजात.

शमशेर म्हणजे भिंगारचा जुना मिस्त्री. लष्करातनं निघालेल्या गाड्यांची नाडी त्याच्याएवढी कुणाला कळत नसे. निदान त्याचं स्वतःचं तसं मत होतं. त्यानं फौजीभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडलं, कान लावला.

"वाल्मिकशेठ, बायको गेल्यावर तू बारीक झालास, ही गाडी मात्र तशीच हाय. नशीबवान."

"ओढत न्हाई रे. घाटात बसते."

"ओढंल कशी? हिला बांधून ठेवलीय." शमशेरनं डिझेलच्या पंपावर बोट ठेवलं. तिथं एका तारेला शिशाची छोटी गोळी दाबून सील केलेलं होतं. "हे बघ. फौजेनं हिला कधी पळू दिलीच न्हाई. काफिल्यात चालायची गाडी ही. सगळ्यांनी एका चालीनं जायचं, मागच्याला सोडायचं न्हाई. म्हनून पंप इथंच रोखला. दम लई हाय हिच्यात, सोडायची देर हाय."

"मग सोड."

"सोडतो. पंप वाढवतो, नोझल बदलतो. त्या पडक्या गाडीचा टर्बो पडलाय, तो बसवतो. हवा जास्त, डिझेल जास्त, की झालं. रेडिएटर मोठा टाकू, उकळायची बात नको." पकडीत तार धरून तो थांबला. "पन येक सांगतो. सील तुटलं की तुटलं. पुन्हा जुन्या मापावर हिला आणशील, तर ना इकडची राहील ना तिकडची. विचार कर."

वाल्मिकनं काय विचार करायचा? त्याच्या डोळ्यांपुढं लंकाबाईचा घाम होता. "तोड," तो म्हणाला.

शिशाची गोळी टपकन जमिनीवर पडली, तेलाच्या डागात. वाल्मिकनं ती उचलून उगाच खिशात टाकली.

*

फौजी परत आला तो दुसराच होऊन. आवाज बदलला होता. जुनी घरघर जाऊन आत एक बारीक शीळ आली होती. टाकी भरली. वाल्मिकनं मुद्दाम वेळ जुळवली. लंकाबाई दवाखान्यातनं निघून घाटाच्या पायथ्याशी आलेली. तिनं नेहमीसारखा दारावर हात टेकवला.

"झाली का बरी?"

"बघा तुमीच."

त्यानं गिअर टाकला. फौजीनं एकच उसळी घेतली. लंकाबाईचा हात दारावरनं निसटला. चार पावलं ती भरभर चालली, मग थोडी पळालीसुद्धा, पदर सावरत, हसत. "अवं, जरा..." असं काहीतरी ती म्हणाली. हिरड्याचं वळण आलं कधी आणि गेलं कधी, वाल्मिकला कळलं नाही. आरशात ती दिसत होती, धुळीत उभी. तिनं सवयीनं पहिली ओळ म्हटली, ती वाऱ्यावर कशीबशी त्याच्या कानापर्यंत आली,

पाण्याच्या गं वाटेवर, वारा म्होरं धावतो

"म्होरं?" वाल्मिक स्वतःशीच म्हणाला. घाटनदेवीचं वळण आलं. रेडिएटर शांत. थांबायला काही कारणच नव्हतं. फौजी वर गेला.

वाडीत जल्लोष झाला. बायांनी टाकीला कुंकू लावलं. हर्षलनं फोटो काढला. वाल्मिक टाकी रिकामी होईपर्यंत घाटाच्या तोंडाकडं बघत राहिला. पण दुसरी खेप करायची होती. तो निघाला, तेव्हा लंकाबाई पाऊलवाटेनं कुठंतरी कारवीच्या झाडीत असावी. दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी पायथ्याशी त्यानं पलीकडचं दार उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, "बसा लंकाबाई."

ती दाराकडं बघत राहिली. आत सीटवर त्यानं धुतलेलं पोतं पसरलं होतं, तेही तिनं बघितलं.

"न्हाई डायवर."

"ऊन लई हाय."

"ऊन काय आजचं हाय?" ती हळू बोलली. "चालणाऱ्या बाईला कुनी काय म्हनत न्हाई. बसलेल्या बाईला म्हनत्यात. माझी सून हाय घरात, उद्या नात मोठी हुईल. जावा तुमी. वर बाया हंडे घेऊन हुभ्या असतील."

"मी तुमच्यासाठी..." वाल्मिक म्हणाला आणि अडला. "तुमी म्हनला हुता, दम न्हाई गाडीत."

लंकाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, जसं तापलेल्या पोराकडं बघावं. "आवो, थट्टा केली म्या," ती म्हणाली. तिनं चाकाशेजारचा तो काळा दगड उचलला आणि पोत्यावर ठेवला. "ह्यो बसू द्या. ह्याला कुनी नावं ठेवनार न्हाई."

आणि दार लोटून ती पाऊलवाटेला लागली.

*

त्यानंतरचे दिवस वाल्मिकनं दगडाला शेजारी बसवून घाट चढला. शीळ घालत गाडी जायची. रेडिएटर गार, हात रिकामे, खिडकी रिकामी. पूर्वी घाट चढायला दुपार लागायची आणि ती दुपार भरलेली असायची. आता दुपार उरायची, आणि उरलेली दुपार माणसानं कुठं ठेवायची, हे कुणी शिकवलेलं नसतं.

एकदा त्यानं युक्ती केली. घाटनदेवीच्या वळणावर थांबला, बॉनेट उघडलं आणि आत डोकं घालून उभा राहिला. ती येईपर्यंत काहीतरी चाललंय असं दिसावं. पण लंकाबाईच्या आधी हर्षल मोटारसायकलवरनं आला, घाबराघुबरा. "काका, काय झालं? वर हंडे लागलेत." त्यानं स्वतः रेडिएटरवर हात ठेवला. "गार हाय की." दुसऱ्या दिवशी तो खालच्या गावातला जीपचा मिस्त्रीच घेऊन आला. मिस्त्रीनं सगळं तपासलं आणि म्हणाला, गाडीत काय दोष न्हाई, काकांनी डोळे तपासावेत. वाल्मिकनं बॉनेट बंद केलं.

हळू चालवून पाहिलं. पण मागं दुधाची जीप येऊन हॉर्न देई, समोर वाडी वाट बघत असे, आणि वाढवलेला पंप हळू चालीत असा काळा धूर सोडे, की शेजारनं चालणाऱ्याच्या छातीत जावा. लंकाबाई पदर नाकाला लावून बाजूला झाली, तेव्हा त्यानं तेही सोडलं.

शेवटी शमशेरला फोन लावला. "मिस्त्री, दम थोडा कमी करता येईल का?"

पलीकडं हातोडा खाली ठेवल्याचा आवाज आला. "सगळे दम वाढवायला येतात," शमशेर म्हणाला. "काढून घ्या म्हननारा तू पहिला. काय झालं? पोलिसांनी पकडला का?"

"न्हाई. सोबत सुटली."

"कुनाची?"

वाल्मिकनं खिशातली शिशाची गोळी चाचपली. शमशेरचा आवाज उतरला. "अरे बाबा, तेव्हाच बोलला असतास... आता जुनं इंजिन बसवावं लागंल. ये, बघू काहीतरी."

तो जाणारही होता. त्याच संध्याकाळी दुसरी खेप रिकामी करताना त्यानं बघितलं, लंकाबाईची सून दारात नातीला न्हाऊ घालत होती. उन्हाळ्यात, वाडीत, भर दारात, दोन तांबे डोक्यावरनं. पोरगी ओरडत होती आणि हसत होती. विहिरीवर भांडण नव्हतं. एक म्हातारी हंडा नुसता भरून ठेवून त्याच्याशेजारी बसली होती, पाण्याकडं बघत.

वाल्मिकनं पाइप गुंडाळला. शमशेरकडं जायचं त्यानं मनातनं काढून टाकलं. दोन खेपा आता त्याच्या एकट्याच्या राहिल्या नव्हत्या.

*

त्या दिवशी खेपेची वेळ थोडी अलीकडं आली होती. वाल्मिक पहिली टाकी रिकामी करून लवकर निघाला. रिकामा फौजी उताराला लागला, टाकी डबडब वाजत होती. घाटनदेवीचं वळण घेतलं आणि समोरनं लंकाबाई येताना दिसली.

इतक्या वर्षांत ती त्याला समोरनं चढताना कधी दिसलीच नव्हती. कायम शेजारी होती, खिडकीच्या चौकटीत, अर्धी. आता सगळी दिसली. पाय ओढत होती. एका हातात चपला, दुसऱ्या हातात दवाखान्यातनं दिलेली पिशवी. केवढी बारीक झाली होती, का पहिल्यापासनंच होती आणि आपल्याला दिसलं नव्हतं?

वाल्मिकनं ब्रेक दाबला. गाडी डोंगराला चिकटवून घेतली, अगदी चाक गवतात जाईपर्यंत, आणि इंजिन बंद केलं. शीळ थांबली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा घाटात पाखरं ऐकू आली.

लंकाबाई उभी राहिली. "काय झालं? बिघडली?"

"न्हाई."

"मग थांबला का?"

"तुमी चढताय," वाल्मिक म्हणाला. "चढणाऱ्याचा मान."

ती पदराचं टोक दातात धरून रस्त्याच्या कडेकडं बघत राहिली. मग गाडीजवळ आली, पलीकडचं दार उघडलं, पोत्यावरचा दगड काढला. रिकामी असली तरी गाडी उतारावर उभी होती, आणि हँडब्रेकवर भरवसा अजूनही नव्हता. तिनं वाकून दगड पुढच्या चाकाला लावला, खालच्या अंगानं.

"आता म्होरनं लावायचा व्हय," ती म्हणाली.

"व्हय. आता म्होरनं."

"रोज थांबाल?"

"रिवाजच हाय. कोन काय म्हनंल?"

लंकाबाईनं त्याच्या बाजूच्या दारावर हात टेकवला. पत्रा तापलेला होता, तरी हात तिथंच राहिला. नातीचा नवा दात आलाय, ती म्हणाली. भाकरी कशी होते, तिनं विचारलं. करपते, तो म्हणाला. तवा लई तापू देता, ती म्हणाली. एवढंच. वाडीत हंडे होते, खाली टाकी भरायची होती, आणि मागनं कुठल्यातरी वळणावर दुधाच्या जीपचा हॉर्न वाजला.

तिनं चपला पायात घातल्या आणि चढायला लागली. वाल्मिक आरशात बघत राहिला. वळणावर पोचली तेव्हा तिनं त्या दिवशीची राहिलेली ओळ म्हटली, मागं न बघता, स्वतःशीच म्हटल्यासारखी,

मागं राहिल्याच्यासाठी, वळनाशी गं थांबतो

मग वळणानं तिला घेतलं.

जीप येऊन गेली, तरी वाल्मिक निघाला नाही. खिशातली शिशाची गोळी बोटांत फिरवत बसला. दारावरच्या धुळीत तिच्या हाताची पाच बोटं उमटली होती. मग खाली उतरून त्यानं दगड उचलला, उन्हानं ऊबदार झालेला, पोत्यावर ठेवला. आपल्या बाजूचं दार मात्र त्यानं फार जपून लावलं, धूळ हलू नये म्हणून.